दाबीव काचेची भांडी आणि एक पेला

१

इतिहास-संशोधनाच्या कार्यात सनदा, महजर, ताम्रपट, नाणी आणि शकावल्या यांना जो मान मिळतो तो स्वयंपाकघरातील भांड्यांना सहसा मिळत नाही. त्यातल्या त्यात तांब्यापितळेची भांडी बरी. त्यांवर देणाराचे नाव, घेणाराचे नाव, क्वचित तिथी व प्रसंगही कोरलेला असतो, आणि त्यामुळे एखादी परात किंवा घंगाळ हे घराण्याच्या इतिहासाचे लहानसे साधन ठरू शकते. काचेच्या भांड्यास हेही भाग्य नाही. त्यावर कोणी नाव घालीत नाही, मोडीत त्यास किंमत येत नाही, आणि फुटले म्हणजे ते केराबरोबर बाहेर जाते.

असे असूनही प्रस्तुत लेखाचा विषय काचेची भांडी, आणि त्यांतही दाबीव काचेची भांडी, हा आम्ही मुद्दाम घेतला आहे. त्यास निमित्त एका पेल्याचे झाले. मुलुंड येथील आमच्या जुन्या घराची आवराआवर करिताना मागील दाराजवळच्या खिडकीत तो आमच्या हाती आला. उंचीने चार बोटे, बुडाशी जाड, बाहेरून उभ्या पन्हळी असलेला, रंगाने किंचित हिरवट, असा हा पेला आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही स्थानकाबाहेर ज्यातून अर्धा चहा मिळतो, त्याच जातीचा. बाहेरच्या अंगावर साच्याच्या सांध्याच्या बारीक उभ्या रेषा नखाला लागतात. आत बोट फिरविले तर मात्र पृष्ठभाग अगदी गुळगुळीत. जाणत्यास एवढ्यावरून निर्णय करता येतो. साच्यात फुंकून केलेल्या भांड्यात बाहेरच्या उंचवट्याबरोबर आतही खळगा उमटतो. दट्ट्याने दाबून केलेल्या भांड्यात आतील आकार दट्ट्याचा आणि बाहेरील साच्याचा, म्हणून दोहोंचा परस्परांशी संबंध राहत नाही.

ही कृती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सिद्ध झाली आणि तिने त्या देशातील सामान्य गृहस्थाच्या घरचे मेज पालटून टाकले. तीच वस्तू आमच्याकडे आली तेव्हा तिची वाट किमतीने मोकळी झाली, परंतु उंबरठ्यावर तिला निराळाच प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न कोणता, आणि त्यास आमच्या घरांनी काय उत्तर दिले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'काच' हा शब्द संस्कृतात जुना आहे. अमरसिंहाने आपल्या कोशातील नानार्थवर्गात त्याचे तीन अर्थ दिले आहेत : शिंके, मातीचा एक प्रकार, आणि डोळ्यांचा एक रोग. आमच्या विषयाच्या दृष्टीने दुसरा अर्थ महत्त्वाचा आहे. कोशकारांच्या मते काच ही मृद्भेद, म्हणजे मातीचीच एक जात ठरते. काच आणि मणी यांतील भेद हा सुभाषितकारांचा आवडता विषय असल्याने, काच ही रत्नासारखी दिसणारी पण रत्न नसलेली वस्तू, असाच संस्कार पाठशाळेत शिकणाऱ्याच्या मनावर होतो.

आता भांड्यांच्या शुद्धीविषयी धर्मशास्त्र काय म्हणते ते पाहावे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आला आहे. धातूंची, रत्नांची व दगडाची भांडी राख, पाणी आणि माती यांनी शुद्ध होतात; मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते, पण काही विशिष्ट दोष लागल्यास ते भाजूनही शुद्ध होत नाही. म्हणजे एकीकडे राखेने घासून वर्षानुवर्षे वापरण्याचे पितळ, आणि दुसरीकडे बाटले की फेकून द्यावयाचे मडके. काच या दोहोंपैकी कोणत्या पंक्तीत बसवावयाची? दिसण्यात ती रत्नाजवळची, कोशात मातीजवळची. पुन्हा भाजावी तर तडकते. आणि फेकून द्यावी तर पूर्वी ती महाग होती.

काच महाराष्ट्रास अपरिचित होती असे मात्र कोणी समजू नये. नेवासे, पैठण, तेर आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी येथील उत्खननांत काचेचे मणी व बांगड्या मिळाल्या आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. हा विषय अभ्यासू इच्छिणाऱ्यास तो टाळून पुढे जाता येत नाही. या सर्व पुराव्यात एक गोष्ट ठळक दिसते. आमच्याकडे काच अंगावर आली. ताटात आली नाही. सुवासिनीच्या हातातील चुडा काचेचा, आणि तो कासाराने किंवा मुसलमान मणियाराने स्वतः हात धरून भरावयाचा. त्यात कोणास विटाळ वाटला नाही. परंतु त्याच काचेचे पात्र करून त्यातून पाणी प्यावयाचे म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी साशंक होत. एकच द्रव्य मनगटावर सौभाग्य आणि ओठाशी संशय, असा हा विलक्षण प्रकार होता.

३

आता काही काळ अमेरिकेत जाणे अवश्य आहे, कारण ज्या कृतीने हा पेला स्वस्त झाला ती तेथली आहे.

त्यापूर्वी काचेचे उत्तम भांडे म्हणजे फुंकनळीने फुगविलेले आणि नंतर फिरत्या चाकावर घासून पैलू पाडलेले. हे काम अतिशय कुशल कारागिराचे व अतिशय सावकाश होणारे असल्याने पैलूदार भांडे धनिकांच्या घरीच असे. इंग्लंडात तर १८४५ पर्यंत काचेवर सरकारी कर होता. अमेरिकेत तसा कर नव्हता. वाळू होती, भट्टीस जाळण्यास अरण्ये होती, गिऱ्हाईक वाढत होते. उणीव होती ती कसबी हातांची. जेथे हात थोडे तेथे यंत्राची बुद्धी सुचते.

१८२५ च्या सप्टेंबरात पिट्सबर्ग येथील जॉन बेकवेल याने कपाटाच्या खणांना लावावयाच्या काचेच्या मुठी दाबून बनविण्याचे पेटंट घेतले. पुढील वर्षी बॉस्टनजवळच्या केंब्रिज येथील न्यू इंग्लंड ग्लास कंपनीतील इनॉक रॉबिन्सन याने तशाच प्रकारचे पेटंट मिळविले. डेमिंग जार्व्हिस नावाच्या व्यापाऱ्याने १८२५ मध्येच केप कॉडवरील सँडविच या गावी कारखाना उभारला. तोच पुढे बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी या नावाने प्रसिद्धीस आला. एका सुताराने काचेची वस्तू दाबून का करू नये असे सहज विचारले आणि त्यातून ही कृती निघाली, अशी आख्यायिका सांगतात. अग्रमान कोणाचा हे ठरविणे कठीण आहे, कारण १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन येथील पेटंट कचेरीस आग लागून जुनी दप्तरे भस्मसात झाली. दप्तर जळाल्याने इतिहासकाराची काय स्थिती होते हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

कृती अशी. एकजण लोखंडी कांबीच्या टोकावर भट्टीतून तप्त काचरसाचा गोळा घेऊन येतो आणि साच्यावर धरतो. दुसरा, म्हणजे दाबणारा, हव्या त्या क्षणी कात्रीने तो तोडतो. साच्याच्या तोंडावर कडे बसवितात, तरफ खाली ओढतात, आणि दट्ट्या साच्यात उतरून रसास चोहोकडे पसरवितो. काही पळांत भांडे तयार होते. सगळे कौशल्य अंदाजाचे आहे. रस कमी पडला तर काठ अपुरा राहतो, अधिक झाला तर भांडे जड होते. साचा थंड असला तर पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात, फार तापला तर काच त्यास चिकटते. शेवटी भांडे लांब भट्टीत सावकाश निववावे लागते, नाहीतर ते पुढे आपोआप तडकते.

पहिल्या काळातील भांड्यांवर मोकळी जागा म्हणून दिसत नाही. वेली, पाने, चक्रे, आणि मधली सर्व जमीन बारीक ठिपक्यांनी भरलेली. जणू जाळीदार किनखापच. हा सोस निव्वळ हौसेचा नव्हता. थंड साच्यामुळे पडणाऱ्या सुरकुत्या आणि कात्रीचा व्रण त्या ठिपक्यांत लपत असे, आणि प्रकाश विखुरल्याने भांडे अधिक चमके. उणिवेतून अलंकार निघाला. पुढे भांडे पुन्हा क्षणभर आगीत धरून जिल्हई देण्याची युक्ती साधली, आणि मग साध्या पन्हळी व मोठे पैलू यांची रीत पडली. आमच्या चहाच्या पेल्यावरील पन्हळी त्याच वंशातील आहेत.

द्रव्याचाही प्रश्न होता. उत्तम काचेत वाळू व क्षार यांबरोबर शेंदूर, म्हणजे शिशाचे तांबडे भस्म, घालीत. त्याने काचेस वजन, तेज व टिचकी मारली असता घंटेसारखा नाद येई. जार्व्हिस स्वतः शेंदूर तयार करीत असे. परंतु शिसे महाग. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असता, व्हीलिंग येथील हॉब्स, ब्रॉकुनियर कंपनीतील विल्यम लेटन याने शिशाऐवजी सोडा व चुना यांचे असे प्रमाण बसविले की काच स्वच्छ राहून खर्च पुष्कळच उतरला. नाद गेला, वजन गेले. पण भांडे मजुराच्या आवाक्यात आले.

४

त्या काळच्या अमेरिकन घरात ही भांडी कशी वापरीत हे पाहिले असता आम्हां मराठी वाचकांस एक ओळखीची खूण सापडते. शतकाच्या पूर्वार्धात तेथील पुष्कळ लोक चहा बशीत ओतून पीत असत. मग रिकामा झालेला ओला कप मेजावरील चादरीवर कसा ठेवावा? त्यासाठी सुमारे तीन ते साडेतीन इंच व्यासाची एक इवलीशी काचेची तबकडी निघाली. चहा बशीत, कप तबकडीवर. या तबकड्या दाबीव काचेच्या लाखमोलाच्या नव्हत्या, पण त्यांवर गरुड, जहाजे, बंकर हिलचे स्मारक, हेन्री क्लेसारख्या राजकारणी पुरुषांची मुखे अशी चित्रे उमटविलेली असत. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत हॅरिसन यांच्या पक्षाने ओंडक्यांचे झोपडे हे आपले चिन्ह केले, तेही तबकडीवर आले. बशीने चहा पिणे पुढे अमेरिकेत गावंढळ ठरले व तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत गेल्या. आमच्याकडे बशी अद्याप पुष्कळ घरांतून नांदते आहे.

लेटनच्या शोधानंतर मेजावरचा संच ठरून गेला : साखरेचे भांडे, दुधाची सुरई, लोण्याचे झाकणाचे पात्र आणि चमचे उभे ठेवण्याचा पेला. एकाच नक्षीचे हे चार नग असले म्हणजे घर नीटनेटके समजले जाई. नक्षींस नावे असत, आणि एखादा नग फुटला तर त्याच नक्षीचा दुसरा आणता येई. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात गिलिंडर कंपनीने काचेचा कारखानाच उभारून लोकांच्या डोळ्यांदेखत भांडी दाबून विकली. १८९२ मध्ये एका कंपनीने सरकारी नाण्यांचे ठसे नक्षीत घेतले, तेव्हा ही नाणी पाडण्यासारखेच आहे म्हणून सरकारने ती नक्षी बंद केली. सामान्य माणसाच्या साखरेच्या भांड्याकडे सरकारने लक्ष द्यावे, इतका या भांड्यांचा प्रसार झाला होता.

मात्र हे चित्र एकरंगी समजू नये. दाबीव काचेच्या आरंभीच्या काळात, १८६५ पर्यंत, दक्षिणेत गुलामगिरी होती. कारखान्यांतही साचे उघडणे, भांडी निववणीच्या भट्टीकडे नेणे ही कामे लहान मुलांकडून करवीत; विसाव्या शतकाच्या आरंभी लुइस हाइन याने घेतलेल्या छायाचित्रांत रात्रपाळीची ती मुले आजही दिसतात. सँडविचचा कारखाना १८८८ च्या संपानंतर बंद पडला. त्याच साली केंब्रिजची कंपनी ओहायोतील टोलेडो येथे गेली. पैलूदार पेला स्वस्त झाला ही गोष्ट खरी. तो कोणाच्या श्रमाने स्वस्त झाला हेही तितकेच खरे.

५

बॉस्टनचे नाव मुंबईस त्या काळी सर्वस्वी परके नव्हते. फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली तेथील तळ्यांतले बर्फ जहाजाने कलकत्त्यास धाडले आणि लवकरच मुंबईसही ते येऊ लागले. परंतु मराठी माणूस अमेरिकन घरात पाहुणा म्हणून जाऊन राहावा आणि तेथील मेजावर बसावा, हा योग अर्धशतकानंतर आला.

कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात त्या मुलीसारख्या राहिल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्यांचा शाकाहार व लुगडे शेवटपर्यंत सुटले नाही. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम आल्या होत्या. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात फिरून रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. तो १८८९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात तेथील घरगुती राहणीचे स्वतंत्र प्रकरण आहे. हा सर्व काळ दाबीव काचेच्या भरभराटीचा होता.

आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी हेही मागाहून अमेरिकेस गेले होते. १८८६ अखेर दोघे परतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे आनंदीबाईंचा अंत झाला. यानंतर तीन वर्षांनी याच गोपाळरावांनी जे केले त्याची नोंद आमच्या विषयात अवश्य झाली पाहिजे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांनी व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमविली. पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर कप हाती घेऊन तसाच ठेवला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि ग्रामण्याचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एक कप चहाने एवढे शहर हलविले.

या प्रकरणात चहा देणारा कोण याचीच चर्चा झाली. आमच्या मते पात्राचाही विचार करावयास हवा. आमची पाणी पिण्याची जुनी रीत तांब्या वा फुलपात्र उंच धरून वरून धार घेण्याची. ओठ लागला नाही म्हणजे पात्र उष्टे होत नाही. कढत चहा असा वरून पिता येत नाही. तो ओठ लावूनच प्यावा लागतो. शिवाय पितळ लगेच तापून ओठ भाजतो, आणि कल्हई नसली तर आतील पदार्थ कळकण्याची भीती. काच व चिनी माती यांस हे दोष नाहीत. म्हणजे चहाने ओठ पात्राशी आणला आणि पात्र काचेचे वा चिनी मातीचे असावे अशी गरज उत्पन्न केली. कोशाने मातीत घातलेली वस्तू आता दररोज उष्टी होणार होती. काच मातीची की रत्नाची, हा पाठशाळेतला प्रश्न येणेप्रमाणे घरातील झाला.

६

हा प्रश्न सुटत असतानाच स्वदेशीची चळवळ सुरू झाली. बांगड्या ऑस्ट्रियाच्या, दिव्यांच्या काचा व पेले जर्मनी, बेल्जम व पुढे जपानचे, अशी बाजारची स्थिती होती. दरमाणशी वर्षाला एक पैसा गोळा करून उद्योग उभारावा अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी काढली. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. त्याचे चालक ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानात व नंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकून आलेले होते. ही संस्था तेव्हा बॉस्टन शहरातच होती. ज्या शहराच्या परिसरात दाबीव काच वाढली, तेथूनच विद्या घेऊन आलेला मनुष्य मावळात भट्टी पेटवितो, हा योगायोग आम्हांस लक्षात ठेवण्याजोगा वाटतो. तळेगावाहून शिकून बाहेर पडलेल्या कामगारांनी देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने उभे करण्यास हातभार लावला; त्या कारखान्याचे खरे उत्पन्न हेच होय.

१९१४ च्या महायुद्धाने परदेशी माल थांबला. १९१६ साली कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या साहाय्याने ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्याच्या प्रभाकर कंदिलाने गावोगाव उजेड केला आणि वस्तीसच ओगलेवाडी हे नाव मिळाले. पुढे पेल्यांचा धंदा मुख्यतः उत्तरेकडे फिरोजाबादेस एकवटला. बांगड्यांच्या या गावातून दाबीव पेले आजही मुंबईच्या टपऱ्यांवर येतात.

उपनगरांचाही या कथेत एक अध्याय आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या बोरोसिल कंपनीचा कारखाना अंधेरीच्या मरोळ भागात होता, आणि त्यास अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे १९८८ पर्यंत साहाय्य होते. कॉर्निंगचा मूळ पुरुष एमरी हॉटन हा १८५१ साली केंब्रिजच्याच एका काच कारखान्यात भागीदार म्हणून या धंद्यात शिरला. १८६८ मध्ये त्याचा कारखाना न्यूयॉर्क प्रांतातील कॉर्निंग गावी गेला. बॉस्टनच्या खाडीकाठची विद्या अशी शंभराहून अधिक वर्षांनी साष्टीच्या बेटावर आली. आता मरोळास तो कारखाना राहिलेला नाही.

७

आता आरंभीच्या पेल्याकडे वळतो.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६८ च्या आसपास, घरात पितळ मागे पडून पोलादी भांडी येऊ लागली होती. काचेचा पेला एकच. तो स्वयंपाकघरात कधीच येत नसे. मागील दाराच्या खिडकीत पालथा असे. पन्हळींवर ऊन पडले म्हणजे खिडकीच्या फळीवर उजेडाचे पट्टे उमटत, आणि आम्हां मुलांस ते घरातील सर्वांत सुंदर भांडे वाटे. एकदा आम्ही त्यातून दूध मागितले. आजीने काही न बोलता पेला हातातून घेतला, जागेवर ठेवला आणि आम्हांस न्हाणीघरात नेऊन हात धुवविले. त्या पेल्यातून चहा मिळे तो शौचकूप साफ करण्यास येणाऱ्या कामगारास. तो वरून ओतलेला चहा घेई, पायरीवर बसून पिई, बाहेरच्या नळावर पेला स्वतः विसळी आणि होता तेथे पालथा घाली.

आजी दुष्ट नव्हती. त्यास कढत चहा, तोही साखर घालून, द्यावयाचाच, असा तिचा नेम होता. पितळेचे भांडे त्यास दिले तर राखेने घासून पुन्हा घरात घेण्याचा प्रश्न, मडके दिले तर ते रोज फुटणार. काचेच्या पेल्याने तिची अडचण सोडविली. तो इतका स्वस्त होता की एका माणसासाठी निराळा ठेवता येत होता. शास्त्राने काच कोणत्या पंक्तीत बसवावी हे सांगितले नव्हते; आमच्या घराने ती पंक्तीबाहेर बसविली.

यावरून आमचा निष्कर्ष असा की, स्वस्त वस्तू आपल्या पावलांनी समता घेऊन येत नाही. अमेरिकेत ज्या स्वस्ताईने मजुराच्या मेजावर धनिकासारखा पेला आणला, त्याच स्वस्ताईने आमच्याकडे वेगळा पेला ठेवण्याची सोय केली. याची दुसरी बाजू सांगणेही न्यायाचे आहे. टपरीवर हाच पेला एका बादलीत विसळला जाऊन एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जातो आणि कोणी कोणाची जात विचारीत नाही. पण ही गोष्ट काचेने आपणहून केलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला, डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि १९५५ च्या अस्पृश्यता प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांतील भांडी वापरण्यास प्रतिबंध करणे हा गुन्हा ठरला, तेव्हा ती घडली. कायदा उपाहारगृहापर्यंत पोहोचला. मागील दाराच्या खिडकीत तो आला नाही. तेथे घरातील कोणीतरी हात घालावयास हवा होता. आम्ही पुढे तीस वर्षे मुलांना शिकविले, पण आजी असेपर्यंत तो पेला तेथून हलविण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

मराठीत 'काच' या शब्दास आणखी एक अर्थ आहे. घट्ट दोरीने अंगास होतो तो काच. सासुरवाशिणीस असतो तो काच. ती व्युत्पत्ती निराळी आहे, हे आम्ही जाणतो. तरी खिडकीतील पेल्याकडे पाहताना दोन्ही अर्थ एकत्र आठवल्यावाचून राहत नाहीत.

पितळेच्या भांड्यांवरून आमच्या घराण्याची नावे आम्ही लिहून काढली आहेत. आजीच्या माहेरचे नाव एका गडव्यावर सापडले. दूधवाले, भाजीवाले, पोस्टमन यांस आम्ही मुले काका म्हणत असू आणि त्यांची नावेही आठवतात. त्या पेल्यातून कित्येक वर्षे चहा प्यालेल्या माणसाचे नाव मात्र आम्ही कधी विचारले नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही. पेला आम्ही घासून स्वयंपाकघरात इतर भांड्यांच्या रांगेत ठेवला आहे. हे प्रायश्चित्त नव्हे. एवढ्याने ते होत नाही. साधनांच्या यादीत एक साधन आजवर गाळले गेले होते, ते नोंदविले इतकेच.